महागाई, व्याजदर आणि आपल्या ठेवी: रिझर्व्ह बँकेच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर होते आणि बातमी येते: 'रेपो दर जैसे थे' किंवा 'पाव टक्क्याची कपात'. त्या एका ओळीचा बाजारातल्या पिशवीशी, घराच्या हप्त्याशी आणि बँकेतल्या ठेवीशी काय संबंध आहे, याबद्दल लोकांच्या मनात बरेच प्रश्न असतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची शक्य तितकी सरळ उत्तरे इथे दिली आहेत.

सरकारी आकडा म्हणतो महागाई चार-पाच टक्के. माझ्या घरात तर ती त्याहून कितीतरी जास्त आहे. यातले खरे काय?

दोन्ही खरे असू शकते. किरकोळ महागाईचा दर ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय देशभरातल्या गावांतून आणि शहरांतून भाव गोळा करते आणि दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास आकडा जाहीर करते. म्हणजे हा आकडा रिझर्व्ह बँक काढत नाही. तो तिच्या हातात नाही हे चांगलेच आहे, कारण तिच्या कामाची परीक्षा त्याच आकड्यावर होते.

निर्देशांकात प्रत्येक गोष्टीला ठरावीक वजन असते. गेल्या दशकभराची धोरणे ज्या मालिकेवर ठरली, तिचे पायाभूत वर्ष 2012. तिच्यात खाद्यपदार्थ आणि पेये यांचे वजन जवळपास 46 टक्के, त्यातल्या भाजीपाल्याचे सुमारे 6 टक्के, तर शिक्षणाचे साडेचार टक्क्यांच्याही आत. पुण्यात किंवा ठाण्यात दोन मुलांची शाळा आणि क्लास सांभाळणाऱ्या घरात एकट्या शिक्षणावरच खर्चाचा पाचवा हिस्सा जाऊ शकतो. शेतमजुराच्या घरात निम्म्याहून जास्त पैसे धान्य, तेल, भाजी यांवरच संपतात. सरासरीचा आकडा या दोन्ही घरांना तंतोतंत लागू पडत नाही.

शिवाय रोज विकत घेतो त्या गोष्टींचे भाव आपल्या लक्षात राहतात. दूध दोन रुपयांनी वाढले की लगेच कळते. टीव्ही स्वस्त झाला तर तो पाच वर्षांतून एकदा घेणाऱ्याला त्याचे अप्रूप नसते. रिझर्व्ह बँक स्वतः घरोघरी सर्वेक्षण करून लोकांना महागाई किती वाटते हे विचारते आणि लोकांचे उत्तर अधिकृत दराच्या सातत्याने वर असते. लोकांच्या मनातल्या या आकड्याला फार महत्त्व आहे. त्याच्याविषयी पुढे येईलच.

महागाई दर खाली आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या का?

नाही. भाव वाढण्याचा वेग कमी झाला, इतकाच त्याचा अर्थ. 100 रुपयांची वस्तू एका वर्षात 106 झाली आणि पुढच्या वर्षी 108, तर महागाई सहा टक्क्यांवरून दोनच्या आत आली. पण खिशातून आता 108 जातात. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई अवघी 0.25 टक्के होती. त्याही महिन्यात दोन वर्षांपूर्वीच्या भावाने किराणा कोणाला मिळाला नाही. आधीच्या वर्षी खाद्यपदार्थांचे भाव खूप चढलेले होते, त्यांच्या तुलनेत 2025 मधले भाव उतरलेले दिसले.

चार टक्के हे लक्ष्य कोणी ठरवले? शून्य का नाही?

2013 साली नोव्हेंबरात किरकोळ महागाई 11 टक्क्यांच्या वर होती. त्याआधीची काही वर्षेही अशीच गेली होती. बँकेतल्या ठेवीवरचे व्याज महागाई खाऊन टाकते म्हणून लोक सोन्याकडे वळले. सोने आपण बाहेरून आणतो, त्यामुळे 2012-13 मध्ये देशाच्या चालू खात्यावरची तूट, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या व्यवहारात येणाऱ्या पैशापेक्षा जास्त जाणारा पैसा, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पावणेपाच टक्क्यांच्याही वर गेली आणि 2013 मध्ये मे ते ऑगस्टदरम्यान रुपया कोसळला. महागाई आणि आर्थिक स्थैर्य हे दोन वेगळे विषय नाहीत, हे त्या दोन वर्षांत फार स्पष्ट दिसले.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. उर्जित पटेल यांच्या समितीने जानेवारी 2014 मध्ये अहवाल दिला. घाऊक किमतींऐवजी लोक प्रत्यक्षात देतात त्या किरकोळ किमती बघा आणि एक ठरलेले लक्ष्य ठेवा, असा त्याचा गाभा होता. 2016 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन ते कायद्याचे कलम झाले. लक्ष्य केंद्र सरकार ठरवते, रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून, दर पाच वर्षांनी. ते 4 टक्के ठरले, खाली 2 आणि वर 6 अशी मुभा ठेवून. 2021 मध्ये तेच पुढच्या पाच वर्षांसाठी कायम राहिले.

शून्य ठेवले तर जरा मागणी घटताच भाव उतरू लागतील. भाव आणखी उतरतील म्हणून गिऱ्हाईक थांबते, कारखाना उत्पादन कमी करतो, माणसे कामावरून जातात. त्या गर्तेतून बाहेर येणे महागाई आवरण्याहून अवघड असते. म्हणून थोडी, पण आधीच ठाऊक असलेली वाढ बरी. दुकानदार, मालक, कामगार, सगळ्यांना हिशेब मांडता आला पाहिजे.

व्याजदर एकटे गव्हर्नर ठरवतात का?

2016 पर्यंत अंतिम शब्द गव्हर्नरांचाच असे. आता सहा जणांची पतधोरण समिती मतदान करते. तिघे रिझर्व्ह बँकेतले, त्यांत गव्हर्नर अध्यक्ष. तिघे सरकारने चार वर्षांसाठी नेमलेले बाहेरचे तज्ज्ञ. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे निर्णायक मत. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते आणि कोणत्या सदस्याने कोणत्या कारणाने काय मत दिले हे त्यात नावानिशी असते. ज्यांना आकडेवारीत रस आहे त्यांनी ही इतिवृत्ते जरूर वाचावीत. बातमीत निर्णय कळतो, त्यामागचे मतभेद इतिवृत्तात कळतात.

रिझर्व्ह बँक सरकारचीच आहे ना? मग तिचे स्वातंत्र्य कसले?

1 एप्रिल 1935 रोजी ती भागधारकांची बँक म्हणून सुरू झाली आणि 1 जानेवारी 1949 रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, या पदावरचे पहिले भारतीय. मालकी सरकारची आहे. कायद्याच्या सातव्या कलमाखाली गव्हर्नरांशी सल्लामसलत करून सरकार लोकहितार्थ निर्देशही देऊ शकते.

तरीही लक्ष्य सरकारने ठरवायचे आणि ते गाठण्याचा मार्ग बँकेने निवडायचा, ही वाटणी मला मोलाची वाटते. निवडणुकीच्या तोंडावर स्वस्त कर्ज कोणत्याही सरकारला हवेसे वाटणार. त्याची किंमत दीड-दोन वर्षांनी, महागाईच्या रूपाने, सगळ्यांना मोजावी लागते आणि सर्वांत जास्त ज्यांची मजुरी महागाईबरोबर वाढत नाही त्यांना.

रेपो दर म्हणजे नक्की काय?

बँकांना एखाद्या रात्रीपुरती रोकड कमी पडली तर त्या सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेतात. त्यावरचा व्याजदर म्हणजे रेपो दर. त्याच्या पाव टक्का वर आणखी एक तातडीची खिडकी असते आणि पाव टक्का खाली बँकांना आपले जास्तीचे पैसे रिझर्व्ह बँकेकडे ठेवण्याची सोय असते. ही खालची, तारणाशिवायची ठेव सुविधा एप्रिल 2022 मध्ये सुरू झाली. बँका एकमेकींना रात्रीपुरते पैसे देतात तो दर या दोन टोकांच्या मध्ये राहावा, असा प्रयत्न असतो. व्यवस्थेत पैसा उदंड असला तर प्रत्यक्षातला दर खालच्या टोकाला चिकटतो. त्यामुळे नुसता रेपो बघून चालत नाही, व्यवस्थेत रोकड किती आहे हेही बघावे लागते.

रेपो वाढवल्याने भाव कसे आटोक्यात येतात?

तीन वाटांनी, आणि तिन्ही सावकाश. पहिली वाट कर्जाची. कर्ज महागते, घर आणि गाडी घेणारा थांबतो, कारखानदार नवी यंत्रे घेणे लांबवतो. मागणी कमी झाली की भाव वाढवण्याची विक्रेत्यांची ताकद कमी होते. दुसरी वाट रुपयाची. इथले व्याज आकर्षक राहिले तर परदेशी पैसा टिकतो, रुपया सावरतो. आपण कच्च्या तेलाच्या गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त तेल आयात करतो, तेव्हा रुपया घसरला की वाहतुकीपासून खतापर्यंत सगळे महागते.

तिसरी वाट माणसांच्या अपेक्षांची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. पुढच्या वर्षी भाव दहा टक्क्यांनी चढणार अशी खात्री झाली की घरमालक भाडे आधीच वाढवतो, कामगार पगारवाढ त्या हिशेबाने मागतो, दुकानदार माल धरून ठेवतो. महागाईची भीती स्वतःच महागाई आणते. मध्यवर्ती बँक आपल्या शब्दाला जागेल असा विश्वास असेल तर भाव चढले तरी लोक ते तात्पुरते आहेत असे समजून वागतात.

वेळ मात्र लागतो. धरणातून सोडलेले आवर्तन कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत जायला दिवस लागतात, तसा दरबदलाचा पूर्ण परिणाम बाजारात उतरायला वर्ष-दीड वर्ष जाते. म्हणून समितीला आजच्या महागाईपेक्षा पुढच्या वर्षीच्या महागाईचा विचार करून दर ठरवावा लागतो.

व्याजदर वाढवून टोमॅटो कसे काय स्वस्त होणार?

होणार नाहीत, आणि हा आक्षेप अगदी रास्त आहे. जुलै 2023 चे उदाहरण घ्या. जूनमध्ये 4.87 टक्के असलेली महागाई एका महिन्यात 7.44 टक्क्यांवर गेली. भाजीपाला वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 37 टक्क्यांनी महाग होता आणि त्यात टोमॅटो सगळ्यांच्या पुढे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात त्या हंगामात टोमॅटोच्या क्रेटला जे भाव मिळाले, ते शेतकऱ्यांनी त्याआधी क्वचितच पाहिले असतील. कारण होते पीक कमी येण्याचे: उन्हाळा, अवेळी पाऊस, रोग आणि आधीच्या हंगामात भाव पडल्याने घटलेली लागवड. रेपो दर वाढवून त्यातले काहीही बदलणार नव्हते.

ऑगस्टमध्ये पतधोरण समिती बसली आणि तिने दर 6.50 टक्क्यांवर तसाच ठेवला. नवे पीक आले, सप्टेंबरात महागाई 5.02 टक्क्यांवर उतरली. तो निर्णय बरोबर होता. टोमॅटोसाठी दर वाढवला असता तर भाव पडल्यावरही महाग कर्ज लोकांच्या गळ्यात राहिले असते.

मग खाण्याच्या वस्तूंकडे दुर्लक्षच का करू नये? कारण निर्देशांकात त्यांचे वजन मोठे आहे आणि एकापाठोपाठ एक धक्के बसले की लोक त्यांना तात्पुरते मानत नाहीत. भाजी महागली, मग डाळ, मग दूध. खानावळीचा दर वाढला, डबेवाल्या मावशींनी महिन्याचे पैसे वाढवले. भाजी पुढे उतरते, डब्याचा दर उतरत नाही. अन्नाची महागाई सेवांमध्ये आणि मजुरीत शिरू लागली की मध्यवर्ती बँकेने हालचाल करायची. म्हणून अन्न आणि इंधन वगळून उरलेली, गाभ्याची महागाई वेगळी तपासतात. ती शांत असेल तर थोडी वाट पाहता येते.

अन्नधान्याच्या भावावर थेट उपाय सरकारच्या हातात असतात: साठ्यातला माल बाजारात आणणे, आयातशुल्क कमी करणे, निर्यातीवर बंधने घालणे. त्यांचीही किंमत कोणीतरी मोजतो. 19 ऑगस्ट 2023 रोजी कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरात निर्यातबंदीच आली, तेव्हा लासलगाव आणि नाशिक जिल्ह्यातल्या इतर बाजारांत शेतकरी संतापले होते. शहरातल्या घराची महागाई आटोक्यात ठेवताना त्याचा भार गावातल्या शेतकऱ्यावर टाकायचा, ही पद्धत मला कधीच पटली नाही. साठवणूक, शीतगृहे, वाहतूक, नीट मिळणारा पीक-अंदाज यांत पैसे घातले तर दोघांचेही भले होईल. पण ते काम पतधोरणाचे नव्हे.

लक्ष्य चुकले तर रिझर्व्ह बँकेला कोणी जाब विचारते का?

सलग तीन तिमाही सरासरी महागाई 2 ते 6 च्या पट्ट्याबाहेर राहिली तर कायद्याने ते अपयश मानले जाते. मग बँकेने सरकारला लेखी कळवायचे: कारणे काय, उपाय काय, लक्ष्यावर परत कधी येणार.

ही वेळ 2022 मध्ये आली. जानेवारीपासूनच महागाई सहाच्या वर होती. फेब्रुवारीत युक्रेन युद्ध सुरू झाले, कच्चे तेल, सूर्यफूल तेल, गहू, खते सगळे कडाडले आणि एप्रिलमध्ये महागाईचा दर 7.79 टक्क्यांवर पोहोचला. 4 मे रोजी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, रेपो 4 वरून 4.40 टक्के झाला. तिथून फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर नेला गेला. कोविडच्या काळात रोजगार वाचवण्यासाठी दर तळाला नेणे योग्यच होते, पण एप्रिल 2022 च्या बैठकीत दर न हलवणे हा उशीर होता असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे वेगाने वाढ करावी लागली आणि कर्जदारांना सावरायला वेळ मिळाला नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये त्या अपयशाचा खुलासा सरकारला गेला. तो त्या वेळी लोकांसमोर ठेवला गेला नाही. महागाईची झळ ज्यांना बसली त्यांना कारणे वाचायचा हक्क आहे, तेव्हा असे पत्र जाहीर व्हायला हवे.

2025 मध्ये महागाई खूप खाली आल्यावर दिशा उलटली. फेब्रुवारीत कपात सुरू झाली आणि वर्षअखेर रेपो 5.25 टक्क्यांवर होता.

रेपो वाढला, पण माझा हप्ता तेवढाच राहिला. म्हणजे मी सुटलो का?

नाही. तुमची मुदत वाढवलेली असण्याची दाट शक्यता आहे, ती लगेच तपासा. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलतो. हप्ता न वाढवता वर्षे वाढवली की ग्राहकाला बदल जाणवत नाही.

30 लाखांचे, 20 वर्षांचे कर्ज 7 टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण 23,259 रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला तर तोच हप्ता 27,964 व्हायला हवा. कर्ज नवे आहे आणि हप्ता जुनाच ठेवला असे समजा: साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याजच 23,750 होते. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल कमी होण्याऐवजी वाढते. 2022-23 मध्ये अनेक कर्जदारांची निवृत्तीची तारीख कर्ज फिटण्याच्या तारखेच्या अलीकडे आली, ती अशी.

याच तक्रारींमुळे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये नियम केला: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की थोडे थोडे दोन्ही, हा पर्याय बँकेने ग्राहकाला दिलाच पाहिजे, आणि मधेच मुद्दल भरण्याची मुभाही. वैयक्तिक बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. दर उतरत असताना उलटे करा. हप्ता कमी करून घेण्याऐवजी शक्य असेल तर तेवढाच ठेवा, मुदत झपाट्याने घटते. तुमचे कर्ज 2019 पूर्वीचे असेल आणि अजून जुन्या पद्धतीच्या दरावर असेल, तर शाखेत जाऊन नव्या पद्धतीत बदलून घेण्याचा खर्च विचारा.

कर्ज स्वस्त होते तेव्हा आमच्यासारख्या ठेवीवर जगणाऱ्यांचे काय?

त्यांचे नुकसान होते, हे मान्य करायला हवे. ठेवीचा दर साडेपाच टक्के आणि महागाई 6.7 टक्के, जी 2022-23 ची सरासरी होती, असे गणित मांडा. लाखाचे वर्षाने 1,05,500 झाले, पण लाखात येणारे सामान आता 1,06,700 ला येते. पासबुकात वाढ, प्रत्यक्षात घट, आणि वर त्या व्याजावर प्राप्तिकर. निवृत्त माणसाला दर कमी होण्याचे दुःख असते. पण महागाई चढी राहण्याने त्याचे होणारे नुकसान त्याहून मोठे आणि न दिसणारे असते.

सीआरआर आणि एसएलआर म्हणजे काय?

रोकड राखीव प्रमाण म्हणजे सीआरआर: ठेवींचा ठरावीक हिस्सा बँकेने रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा, ज्यावर व्याज मिळत नाही. जून 2025 मध्ये तो चारवरून तीन टक्के करण्याचे जाहीर झाले, चार टप्प्यांत. वैधानिक रोखता प्रमाण म्हणजे एसएलआर: 18 टक्के हिस्सा सरकारी रोखे, सोने किंवा रोख अशा सुरक्षित स्वरूपात बाळगायचा.

सरकारला पैसे हवेत तर रिझर्व्ह बँक नोटा छापून का देत नाही?

पूर्वी असे होत असे. सरकारची तूट आपोआप रिझर्व्ह बँकेकडून भरली जाई. 1997 मध्ये ती पद्धत कराराने बंद झाली. एप्रिल 2006 पासून सरकारचे नवे रोखे थेट विकत घेण्यासही रिझर्व्ह बँकेला कायद्याने मनाई आहे. बाजारात आधीच असलेले रोखे ती विकत घेऊ शकते आणि घेते, व्यवस्थेत रोकड सोडण्यासाठी. माल तेवढाच राहिला आणि पैसा वाढला तर भाव चढणार, हे यामागचे साधे कारण.

रुपया घसरतो तेव्हा रिझर्व्ह बँक तो एका भावावर का धरून ठेवत नाही?

कारण ते फार काळ कोणालाच जमत नाही. साठ्यातले डॉलर विकून ती चढउतार सौम्य करते. डॉलर विकले की बदल्यात रुपये बाजारातून बँकेकडे येतात, म्हणजे देशात रोकड आवळते आणि व्याजदरावर ताण येतो. 1991 मध्ये साठा इतका आटला होता की रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोने परदेशी पाठवून कर्ज उभारावे लागले. आजचा मोठा परकीय चलनसाठा त्या आठवणीतून उभा राहिला आहे.

आर्थिक स्थैर्य म्हणजे शेअर बाजार पडू न देणे का?

मुळीच नाही. बाजार पडला तरी पगार जमा होतात, धनादेश वटतात, उद्योगाला खेळते भांडवल मिळते, तर व्यवस्था स्थिर आहे.

2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जांची कसून तपासणी केली. नव्या हप्त्यांची मलमपट्टी करून चांगली दाखवलेली अनेक मोठी कर्जे थकीत म्हणून बाहेर आली. मार्च 2018 मध्ये थकीत कर्जांचे प्रमाण 11 टक्क्यांच्या वर गेले. मार्च 2025 पर्यंत ते 2.3 टक्क्यांच्या आसपास उतरले. मधल्या काळात 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था देणी चुकवू लागली, तेव्हा बँक नसलेल्या वित्तसंस्थाही बँकांना धोक्यात आणू शकतात हे कळले आणि त्यांच्यासाठीचे नियम आकारानुसार कडक झाले.

नोव्हेंबर 2023 मधले पाऊल मला जास्त आवडले, कारण ते संकटाआधीचे होते. विनातारण वैयक्तिक कर्जे आणि क्रेडिट कार्डाची उधारी फार वेगाने वाढत होती. त्यावर बँकांनी बाजूला ठेवायचे भांडवल रिझर्व्ह बँकेने वाढवले. रेपोला हात न लावता नेमक्या त्या कर्जांचा वेग उतरला. महागाईसाठी एक हत्यार, स्थैर्यासाठी दुसरे.

माझी बँक अडचणीत आली तर माझे पैसे मिळतील का?

ठेव विमा महामंडळ ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी आहे. एका बँकेत, एका ठेवीदाराला, सगळ्या शाखांमधल्या बचत, चालू, मुदत ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून 5 लाख रुपयांपर्यंत विमा असतो. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी तो फक्त 1 लाख होता. विम्याचा हप्ता बँक भरते. पाच लाखांवरची रक्कम बुडतेच असे नाही, पण तिची हमी नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. 23 सप्टेंबर 2019 रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येत होते. मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. जानेवारी 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांवरच्या ठेवी परत मिळण्याचे वेळापत्रक दहा वर्षांपर्यंत लांबले. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 पासून निर्बंध होते, परवाना रद्द झाला सप्टेंबर 2022 मध्ये. इतकी वर्षे आपल्याच पैशासाठी थांबलेल्या ज्येष्ठांचे हाल शब्दांत मांडणे कठीण आहे. याउलट येस बँकेवरचे निर्बंध 5 मार्च 2020 ला लागले आणि स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल उभे राहून 18 मार्चला उठले. ठेवीदार सगळे सारखेच असतात. त्यांना मिळालेली वागणूक सारखी नव्हती.

याचे एक कारण कायद्यात होते. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँक आणि सहकार निबंधक अशी दुहेरी सत्ता होती. 2020 च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली, परवाना रद्द होण्याची वाट न पाहता. ही सुधारणा ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून मिळवलेली आहे. पर्यवेक्षण वेळेत जागे झाले असते तर तिची इतकी गरज पडली नसती, हेही म्हटले पाहिजे.

पतसंस्थेतल्या ठेवीलाही हा विमा लागू आहे का?

नाही. हे उत्तर कृपया घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर राज्याच्या सहकार खात्याची देखरेख असते, रिझर्व्ह बँकेची नाही, आणि ठेव विमा महामंडळाचे संरक्षण तिला नाही. कंपन्यांच्या आणि वित्तसंस्थांच्या ठेवींनाही नाही. अनेक पतसंस्था चोख चालतात, गरजूंना वेळेला पैसे देतात. तरीही दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम तिथे ठेवू नये.

मग बँक निवडताना नेमके काय पाहायचे?

वार्षिक अहवाल मागा. सभासद असाल तर तो तुमचा हक्क आहे. तीन आकडे शोधा. निव्वळ थकीत कर्जांचे प्रमाण: सलग दोन वर्षे वाढत असेल तर सावध व्हा. भांडवल पर्याप्तता, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल: रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या किमान पातळीच्या जेमतेम वर असेल तर धक्का सोसायची ताकद कमी. लेखापरीक्षकाचे शेरे: आकड्यांपेक्षा कधीकधी तेच जास्त सांगतात. मग रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या प्रसिद्धिपत्रकांत बँकेचे नाव शोधा. दंड, निर्बंध, मुदतवाढ सगळे तिथे तारखेनिशी असते. आणि रक्कम पाच लाखांहून मोठी असेल तर ती दोन-तीन बँकांत विभागा, व्याजासाठीही जागा ठेवून, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मुद्दल साडेचार लाखांच्या आसपास.